मोडी, अंगठा आणि संकेतस्थळ

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात बाळबोधीबरोबर मोडी आणि हिशेब हेही असावेत, अशी मागणी होती. आज वाचणाऱ्यास ती किरकोळ वाटेल. पण कुळकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराचे खाते मोडीत असे. ज्याला मोडी येत नव्हती, त्याने समोरच्याने वाचून दाखविलेल्यावर विश्वास ठेवायचा आणि खाली अंगठा उमटवायचा. आपला जिल्हा तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे सरकारी कागद उर्दूत येई. लिपी ज्याच्या हाती, त्याच्या हाती जमीन, हा अनुभव आपल्या आज्या-पणज्यांनी घेतलेला आहे.

माध्यमिक शाळेत संकेतस्थळ तयार करणे आणि कोडिंग हा विषय शिकवावा की नाही, या प्रश्नाकडे मी या इतिहासातून पाहतो. नोकरीच्या बाजूने त्याचा विचार पुष्कळ होतो. ‘सहा महिन्यांत लाखाचा पगार’ अशा जाहिराती करणाऱ्या शिकवण्यांनी त्या विचाराचा पुरता बाजार मांडला आहे. तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

महत्त्वाचे वेगळेच आहे. प्रवेशाचा हंगाम आला की आपल्याकडून दहावी होऊन गेलेली मुले-मुली तालुक्याच्या नेट कॅफेत रांगेत बसलेली दिसतात. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. युजरनेम आणि पासवर्ड दुकानदाराच्या वहीत असतो. मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने त्याला सांगायचा. कोणता रकाना चुकला, अर्ज कोणत्या टेबलावर अडला, हे त्या मुलाला कळत नाही. शिष्यवृत्ती का आली नाही, असे विचारले तर तो म्हणतो, ‘सर, साइटला प्रॉब्लेम आहे.’ मला यात जुना अंगठाच दिसतो. फरक एवढाच की आता अंगठा देणारा बारावी शिकलेला आहे.

ज्या मुलीने नववीत स्वतःच्या हाताने एखादा लहानसा अर्ज एचटीएमएलमध्ये लिहिला असेल, कोणता रकाना सक्तीचा ठेवायचा हे स्वतः ठरविले असेल, ‘सादर करा’ हे बटण दाबल्यावर माहिती कुठे जाते हे पाहिले असेल, ती त्या रांगेत निमूट बसणार नाही. पडद्यावरचे पान कोणा माणसाने लिहिलेले असते आणि म्हणून ते चुकू शकते, दुरुस्तही होऊ शकते, हे तिला ठाऊक असेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने उच्च प्राथमिक स्तरापासून कोडिंगची शिफारस केली आहे. आपल्या मंडळाच्या अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषयही आहे. त्यात एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट आहे. पण जिथे संगणक कक्ष आणि शिकविणारा माणूस आहे, तिथेच तो घेता येतो. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, याचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. महाड नगरपालिकेने तळे 1924 सालीच ठरावाने खुले केले होते. ओंजळ भरायला 1927 चा 20 मार्च उजाडावा लागला.

‘आधी गणित-इंग्रजी पक्के करा, मग हे लाड’, असा आक्षेप आपल्याच शिक्षक-कक्षात ऐकू येतो. तो अगदीच पोकळ नाही. कंत्राटावर संगणक कक्ष आले, पाच वर्षांची मुदत संपली, प्रशिक्षक गेले आणि यंत्रांवर धूळ बसली, हे अनेक शाळांनी पाहिले आहे. पण या विषयाला महागडे काही लागत नाही. एचटीएमएल म्हणजे साधा मजकूर; तो कोणत्याही जुन्या संगणकावर नोटपॅडमध्ये लिहिता येतो, पान पाहायला इंटरनेटही लागत नाही. वीज नसेल त्या दिवशी वहीत लिहिता येतो. मजकूर मराठीतच असावा आणि युनिकोडमध्ये असावा. जुन्या फाँटांत अडकलेले आपल्या चळवळीचे कितीतरी लेखन आज शोधयंत्राला सापडत नाही. आता यंत्रच कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही कोणी विचारील. कॅल्क्युलेटर आले म्हणून आपण पाढे सोडले नाहीत.

1920 साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. बाबासाहेबांना पुढे स्वतःचा छापखाना उभारावा लागला. वेबचे तंत्र मात्र सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने 30 एप्रिल 1993 रोजी विनाशुल्क सर्वांना देऊन टाकले. छापखाना दारात येऊन पडला आहे आणि आपण त्यावर दुसऱ्यांची पाने वाचत बसलो आहोत.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी सूचना आहे की येत्या जूनपासून आठवी-नववीला आठवड्यातून दोन तासिका या विषयाला द्याव्यात. पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारे आपले माजी विद्यार्थी दिवाळीत गावी येतात. त्यांनी दोन दिवस वसतिगृहात मुक्काम करून शिक्षकांना तयार करावे. पहिल्या वर्षी दोनच पाने पुरेत. एक तेरचे, म्हणजे प्राचीन तगराचे, जिथे उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. दुसरे कसबे तडवळ्याचे, जिथे फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तडवळ्यात त्या परिषदेच्या आठवणी घरातून ऐकलेली माणसे आहेत. मुलांनी वही घेऊन आधी त्यांच्याकडे जावे.