घट आणि रासभ

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास घट पदोपदीं भेटतो. न्यायशास्त्र उघडावें तों कार्यकारणभावाचें उदाहरण म्हणून घट पुढें उभा. वेदान्त उघडावा तर घटाकाश. व्याकरणांत उपपदसमास शिकवावयाचा तर ‘कुंभकार’ तयारच. मीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. त्या अवधींत फळ्यावर किती घट काढले आणि किती पुसले याची गणती नाहीं. परंतु ओल्या मातीचा घट होतो कसा, हें मीं गेल्या दिवाळीपर्यंत एकदांहि उभें राहून पाहिलें नव्हतें. कुंभारवाडा शाळेपासून चार फर्लांगांवर होता, एवढें सांगितलें म्हणजे दोष कोणाचा तें वाचकांस कळेल.

दिवाळीचें निमित्त असें झालें. माझी नात पुण्यास कॉलेजांत शिकते व रविवारीं मातीकामाच्या एका वर्गास जाते. सुटींत येतांना तिनें मजसाठीं स्वतः केलेला एक पेला आणला. बुडाशीं उघडी तपकिरी माती, वर दाट काळी झिलई, आणि कांठाशीं ती झिलई पातळ होऊन तांबूस झालेली. पालथा केला तों तळाशीं तिचें नांव कोरलेलें! मीं विचारलें, “हा काळा रंग कशाचा?” ती म्हणाली, “लोखंडाचा, आजोबा. झिलईंत शेंकडा आठदहा भाग लोखंडाचा गंज घातला कीं असा काळा होतो. तेंच लोखंड शेंकडा एकदोन भाग घालून धुरकट आगींत भाजलें तर हिरवट निळा रंग येतो. पण आमची भट्टी विजेची. तींत धूर नाहीं, म्हणून हिरवा आम्हांला साधत नाहीं.”

हें ऐकून मला एकदम पीलुपाक आठवला. कच्चा घट काळसर असतो, आव्यांत भाजला कीं लाल होतो; हा बदल होतो कोठें, यावर आपल्या शास्त्रकारांनीं मोठा वाद घातला आहे. वैशेषिक म्हणतात, अग्नीच्या संयोगानें घट परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणूंचा रंग पालटतो व त्यांचा पुनः घट जुळून येतो. यास पीलुपाक म्हणतात; पीलु म्हणजे परमाणु. नैयायिक म्हणतात, तोच घट आम्हांस डोळ्यांनीं ओळखूं येतो, तो मोडला कधीं आणि जुळला कधीं? घटास सूक्ष्म छिद्रें आहेत, त्यांतून अग्नि आंत शिरतो आणि सगळ्या घटाचाच रंग पालटतो. हा पिठरपाक. विद्यार्थिदशेंत मीं हे दोन्ही पक्ष मुखोद्गत केले होते. आव्याकडे जाऊन पाहावें, असें मात्र ना मला सुचलें, ना गुरुजींनीं सुचविलें.

नातीकडून पुस्तकें मागवून व शब्दकोश जवळ ठेवून मीं वाचूं लागलों तेव्हां अग्नीचें काम थोडेंबहुत कळलें. सुमारें ४५० ते ६०० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रीतीनें बांधलेलें पाणी निघून जातें. एकदां तें गेलें कीं ती वस्तु पाण्यांत कितीहि भिजत ठेवा, तिचा पुनः चिखल होत नाहीं. कच्चें आणि पक्कें यांमधील सीमारेषा ती हीच. ५७३ अंशांवर मातींतील गारेचे कण एकाएकीं फुगतात आणि निवतांना त्याच अंशावर आकसतात. म्हणून जो घाईनें भट्टी तापवितो किंवा उघडतो त्याचीं भांडीं तडकतात. आपल्या कुंभाराचा आवा बहुधा ७०० ते ९०० अंशांपर्यंत पोंचतो. पेल्यासारख्या दगडी जातीच्या भांड्यांस १२०० ते १३०० अंश लागतात. तेथें मातीचे कण अर्धवट वितळून एकमेकांस चिकटतात, आणि वरची झिलई, जी मूळची गारेची पूड, माती आणि लांकडाची राख, ती वितळून कांच होते. लालाकाळ्याचें कोडें तर आगीच्या श्वासाचें आहे. भट्टींत हवा भरपूर असली तर मातींतील लोखंड लाल होतें. हवा कोंडून धूर केला तर आग त्या लोखंडांतील प्राणवायु हिसकावून घेते आणि तेंच भांडें काळें निघतें. म्हणजे कण अन् कण आंतून पालटतो हें वैशेषिकांचें म्हणणें खरें, आणि घट जागचा हालत नाहीं हें नैयायिकांचें म्हणणेंहि खरें.

या पुस्तकांत ‘अ पॉटर्स बुक’ नांवाचें एक पुस्तक होतें. तें १९४० सालीं निघालें. कर्ता बर्नार्ड लीच हा इंग्रज; जन्म १८८७, हाँगकाँगचा. चित्रकला शिकून १९०९ मध्यें तो जपानांत गेला तो तेथील लोकांस धातूच्या पत्र्यावर चित्रें कोरून छापण्याची विद्या शिकविण्यासाठीं. शिकवावयास गेलेला मनुष्य शिकत बसला, ही गोष्ट मला शिक्षक या नात्यानें फार आवडली. १९११ सालीं टोकियोंत एका मेजवानीस तो गेला असतां पाहुण्यांपुढें कच्ची भाजलेलीं भांडीं आणि कुंचले ठेवण्यांत आले. ज्यानें त्यानें आपल्या भांड्यावर चित्र काढावयाचें, मग तें झिलईंत बुडवून तेथेंच लहानशा भट्टींत ठेवावयाचें. सुमारें तासाभरांत तीं भांडीं लाल निखाऱ्यासारखीं चिमट्यानें बाहेर काढलीं. या जातीस राकु म्हणतात. लीचला त्या रात्रीं जो छंद लागला तो आमरण सुटला नाहीं. त्यानें केन्झान घराण्याच्या सहाव्या वारसापाशीं शिकवणी धरली.

१९२० मध्यें तो इंग्लंडास परतला तेव्हां त्याच्याबरोबर हामादा शोजी हा पंचवीस वर्षांचा जपानी तरुण होता. दोघांनीं कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज या समुद्रकांठच्या गांवीं भट्टी घातली. ही जपानी पद्धतीची चढती भट्टी: उतारावर एकीच्या वर एक अशा खोल्या, खालच्या खोलींतील ज्वाला वाया न जातां वरच्या खोलींत शिरते आणि तीस आयतीच तापविते. युक्ति उत्तम, पण कॉर्नवॉलांत लांकूड दुर्मिळ, माती मनासारखी नाहीं, आणि पहिली भट्टी लवकरच खचूं लागली. शेवटीं उजी येथील कुंभारघराण्यांतील मात्सुबायाशी नांवाचा जाणता मनुष्य आला आणि त्यानें तीन खोल्यांची नवी भट्टी बांधली. कलावंतांच्या चरित्रांत भट्टी बांधणाऱ्याचें नांव सहसा शेवटच्या टिपेंत असतें. परंतु त्या नव्या भट्टीवांचून लीचची कला किती दिवस चालली असती, हा प्रश्न मला पडतो.

हामादा १९२३ च्या अखेरीस मायदेशीं निघाला आणि पुढें माशिको या खेड्यांत राहिला. तेथें घागरी, बरण्या असें रोजच्या वापराचें सामान होत असे. तो भूकंपमापनाइतक्या शास्त्रीय रीतीनें झिलईचे प्रयोग शिकलेला; यंत्रें त्यास अपरिचित नव्हतीं. तरी त्याचें चाक कोणतें? लांकडाचें, हातानें फिरविण्याचें. वरच्या फळींत खांच, खांचेंत काठी घालून गति द्यावयाची आणि ती गति आहे तोंवर भांडें उठवावयाचें. दंड आणि चक्र! न्यायग्रंथांतील घटाचीं निमित्तकारणें मला जपानांत सांपडलीं. लीच पायानें ढकलण्याच्या चाकावर काम करी. माझ्या नातीचें चाक विजेवर फिरतें व बटण दाबल्यावर थांबतें. तिचें म्हणणें असें कीं विजेचें चाक दमत नाहीं, म्हणून मनुष्य एकच भांडें नको तितकें कुरवाळीत बसतो. काठीचें चाक मंदावूं लागलें कीं हात आपोआप आवरता घ्यावा लागतो. इंग्लंडांतून परतल्यावर हामादानें आपल्या भांड्यांवर नांव घालणें सोडून दिलें. त्याचा मित्र यानागि सोएत्सु हा निनांवी कारागिरांच्या साध्या वस्तूंचा मोठा कैवारी. त्यानें अशा वस्तूंचें संग्रहालय १९३६ सालीं टोकियोंत उघडलें. निनांवी राहिलेल्या हामादास १९५५ मध्यें जपान सरकारनें राष्ट्राचा जिवंत ठेवा ठरविलें, यांत दैवाचा थोडा विनोद आहे.

या मंडळींत एक आपलाहि होता. सरदार गुरुचरणसिंग हे १९१९ सालीं मातीकाम शिकण्यास जपानांत गेले. तेथें लीच, हामादा, यानागि यांची व त्यांची गांठ पडली. कोरियाहि त्यांनीं पाहिला. १९२२ मध्यें परत येऊन बरींच वर्षें नोकरी केल्यावर १९५२ सालीं त्यांनीं दिल्लींत ‘दिल्ली ब्ल्यू पॉटरी’ काढली. नांवांतील निळा रंग मात्र जपानचा नव्हे. तो दिल्लीच्या पठाण कुंभारांचा, जुन्या कबरींच्या फरशांवर दिसतो तो. १९९५ सालीं ते वारले. हिंदुस्थानांत हौसेनें वा कलावंत म्हणून माती हातीं धरणाऱ्या पुष्कळांची गुरुपरंपरा त्यांच्यापर्यंत पोंचते.

कोरियाच्या नांवानें एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि तीच सांगतांना मला संकोच वाटतो. नैयायिकांच्या मतें घटाचें समवायिकारण दोन कपालें, म्हणजे घटाचे दोन अर्धे भाग. त्या कपालांचा संयोग हें असमवायिकारण. कुंभार, दंड, चक्र हीं निमित्तकारणें. माती वाहून आणणारें गाढव मात्र कारण नव्हे. तें अन्यथासिद्ध, म्हणजे कार्याच्या आधीं हजर असूनहि कार्यास अनावश्यक. कारण माती गाडीनेंहि आणतां येते. पुष्कळ वर्षांपूर्वीं हें मीं नववीच्या वर्गांत रंगवून सांगत होतों. वर्गांत एक कुंभाराचा मुलगा होता. एरवीं तो तोंड उघडीत नसे. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मडक्याला दोन कपालें नसतात. एकाच गोळ्यांतून उठतें. आणि गाढव अनावश्यक कसें? त्याची लीद मातींत कालवतात.” ‘लीद’ म्हणतांच वर्ग खो खो हंसूं लागला. मीहि हंसलों. “शास्त्रांत लीद नाहीं, बस खालीं,” असें मीं म्हटलें. तो बसला. वार्षिक परीक्षेस तो आला नाहीं, व पुढल्या वर्षीं त्याचें नांव पटावर नव्हतें. घरच्या अडचणी असतील. माझ्या वाक्यामुळेंच तो गेला असें म्हणण्याइतका मी अहंकारी नाहीं. पण तें वाक्य माझें होतें.

आतां कोरियाचें. सतराव्याअठराव्या शतकांत तेथें पांढऱ्या मातीचे मोठे वाटोळे रांजण होत. त्यांस चंद्रघट म्हणतात. एवढा मोठा गोल एका उठावांत चाकावर उभा राहत नाहीं, म्हणून दोन मोठे वाडगे वेगवेगळे करून त्यांचीं तोंडें एकमेकांस जोडीत. पोटाशीं तो सांधा किंचित् वांकडा दिसतो आणि तेंच त्याचें सौंदर्य. लीचनें असा एक घट १९३५ मध्यें सोल येथें विकत घेतला. तो हल्लीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तेव्हां दोन कपालांचा घट जगांत आहे. त्या बाबतींत माझें शास्त्र तरलें. लिदेच्या बाबतींत मात्र मुलगाच खरा होता. लिदेंतील गवताचे बारीक तंतु ओल्या मातीस धरून ठेवतात, त्यामुळें ती वाळतांना चिरत नाहीं. आव्यांत ते तंतु जळून जातात आणि त्यांच्या जागीं बारीक छिद्रें राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें उडून जातें, व माठांतलें पाणी गार होतें. नैयायिकांचीं तीं सूक्ष्म छिद्रें कांहीं अंशीं रासभाचीं देणगी होतीं! जें घटाच्या अंगांतच मिसळलें त्यास अन्यथासिद्ध म्हणावें कसें?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं नातीस घेऊन मी कुंभारवाड्यांत गेलों. तो मुलगा आतां पन्नाशीचा आहे. त्यानें मला ओळखलें, खाली वांकून नमस्कार केला आणि बसावयास पाट दिला. मीं त्या दिवसाची आठवण काढली व चुकलों असें म्हटलें. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही कशाला मनावर घेतां? मला तर तें आठवतहि नाहीं.” तें खरें नसावें, कारण लागलीच तो म्हणाला, “पण गुरुजी, आतां तुमचेंच शास्त्र खरें झालें. गाढवें गेलीं. माती टेम्पोनें येते. लीद मिळत नाहीं, म्हणून लांकडाचा भुसा घालतों.” मीं विचारलें, “पाणी पूर्वींसारखें गार होतें का?” तो म्हणाला, “होतें. पण मडकीं वाळतांना जास्त फुटतात.”

मग त्यानें काठी घेऊन चाक फिरविलें. नातीनें पदर खोंचला व चाकाजवळ उकिडवी बसली. विजेच्या चाकावर सरावलेली ती, पहिलीं तीन भांडीं तिचीं लोळलीं. चाक मंदावल्यावरहि ती हात काढीना. चौथ्या खेपेस एक लहान वाटी उभी राहिली. सुतानें कापून त्यानें ती फळीवर ठेवली आणि विचारलें, “नांव घालायचें का, ताई?” तिनें माझ्याकडे पाहिलें व मान हलविली. तिची वाटी पुढच्या आव्यांत भाजून ठेवण्याचें त्यानें कबूल केलें आहे. येतांना वाटेंत ती मला विचारीत होती कीं पुण्यांत घोड्यांचे तबेले कोठें आहेत.