सौर पॅनेलला अनुदान, मग बॅटरीला का नाही?

रत्नागिरी : कोयनेचे पोफळी वीजगृह आणि जयगडचा १,२०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प याच जिल्ह्यात आहेत. तरीही पावसाळ्यात तारांवर झाड पडले की गावेच्या गावे अंधारात जातात. छतावरील सौरऊर्जेला सरकार भरघोस मदत देते. पण कोकणाची ही अडचण त्यातून सुटत नाही.

अनुदान किती?
केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' आणली. १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार, तर ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये मिळतात. जादा वीज महावितरणकडे जाते आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात.

लाइट गेल्यावर काय?
बॅटरी नसलेला संच पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये, यासाठी हे आवश्यकच आहे. मात्र त्यामुळे लख्ख ऊन असले तरी घरातला पंखा फिरत नाही. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर घर चालते. पण बॅटरीसाठी योजनेत वेगळे अनुदान नाही.

कोकणात हे महत्त्वाचे का?
३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब कोसळले. अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. वीज नसली की नळपाणी योजनेचा पंप थांबतो, मोबाइलही बंद पडतो. मदत मागायची तरी कशी?

उपाय काय?
घरोघरी बॅटरी देणे खर्चिक आहे. म्हणून सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामपंचायती आणि वादळात निवारा ठरणाऱ्या शाळांपासून व्हावी. ढगाळ हवेत सौरवीज कमी मिळते, हा आक्षेप खरा आहे. पण बॅटरी महावितरणच्या विजेवरही चार्ज होते. वादळाचा इशारा येताच ती भरून ठेवता येईल. दिवे, फोन आणि लसींच्या फ्रिजपुरती वीज त्यातून भागू शकते.

बिल कमी करणारी योजना देशभर एकसारखी चालेल. किनारपट्टीला मात्र संकटात टिकणारी वीज हवी. अनुदानाच्या नियमात त्यासाठी बॅटरीची ओळ जोडायलाच हवी.