विश्लेषण : घाटमाथ्यावरच्या ओढ्यात ‘फोर बाय फोर’ही का वाहून जाऊ शकते?

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जुन्नरहून नाणेघाटाकडे आणि घोडेगावहून आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जीपगाड्या वाढतात. डांबरी रस्ता सोडायचा, घळीतल्या कच्च्या वाटेने जायचे आणि ओढ्यात गाडी घालून पाण्याचे फवारे उडवायचे, हा आता पर्यटनाचाच एक प्रकार झाला आहे. गाडी दणकट असली की ओढा सहज पार होतो, हा त्यामागचा समज. तो कितपत खरा?

खाली ऊन, तरी ओढा भरलेला कसा?

कुकडी नदी नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते, घोड आहुप्याजवळ. दोन्ही नद्या कोकणात न उतरता पूर्वेकडे वाहतात. म्हणजे जुन्नर किंवा घोडेगावहून वर निघालेली गाडी उगमाच्या दिशेने जात असते आणि वरचे पाणी तिच्या दिशेने येत असते. कड्यालगत कोसळणाऱ्या पावसाचा लहानसा भागच जुन्नर शहराच्या वाट्याला येतो. त्यामुळे खाली ऊन पडलेले असताना वर मुसळधार चालू असू शकते. काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाणी मुरायला जागाच नाही. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. खरा घात होतो तो परतताना, कारण ‘सकाळी याच ओढ्यातून आलो होतो’ ही खात्री डोक्यात असते.

गाडीची ताकद कुठे संपते?

थार ६५० मिलिमीटर आणि गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपन्या सांगतात. जाहिरातीतला हा आकडा लक्षात राहतो. पण तो पाण्याची खोली सांगतो, वेग नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा गाडीवरचा जोर चौपट होतो.

दुसरी बाब तरंगण्याची. चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडीच्या तळाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढले, तर आत पाणी शिरेपर्यंत ते गाडीला ढोबळमानाने सहा-सातशे किलोंनी वर उचलते. वीस-पंचवीस सेंटिमीटर चढले की पावणेदोन टनांच्या गाडीचे चाकांवर फारसे वजन उरत नाही. वजन नाही तर पकड नाही. मग चारही चाके फिरत असली तरी उपयोग शून्य. अमेरिकेच्या हवामान विभागाचा नागरिकांना इशाराही हाच आहे : सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक लहान मोटारी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्हीसुद्धा. त्यात हवा ओढण्याच्या नळीतून इंजिनात पाणी गेले तर गाडी प्रवाहाच्या मधोमध बंद पडते. अशा वेळी पुन्हा चावी फिरवली की इंजिनाचे दांडेच वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. जुन्नर आणि आंबेगावचाही त्यात समावेश होता. भीमाशंकर अभयारण्यात परवानगीविना शिरणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बेदरकारपणे गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागू होते. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातील लाहौलमध्ये चंद्रा नदीत थार घालणाऱ्या चालकाला पोलिसांनी दंड केला तो चित्रफीत पसरल्यावर. इथेही कारवाई बऱ्याचदा ‘रील’ पाहूनच होते. ओढ्याकाठी पोलीस उभा नसतो.

शिवाय सरकारचेच दोन सूर आहेत. २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पर्यटक यावेत हे धोरण आणि पर्यटनाचा भर पावसाळ्यात असताना बंदीचा आदेश, या दोहोंच्या मध्ये ओढ्यावरचा फरशी पूल तसाच राहतो.

गावांवर काय परिणाम होतो?

जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याकाठची खाचरे भाताच्या लावणीने भरलेली असतात. उथळ पाणी शोधत वाट सोडलेली गाडी बांध फोडते, खाचरातले पाणी वाहून जाते. रुतलेली गाडी ओढायला गावातलाच ट्रॅक्टर लागतो.

मदत पोहोचायला लागणारा वेळ हा त्याहून गंभीर मुद्दा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी तळेगावजवळच्या सुदुंबरे येथे आहे. तिथून आहुप्याला पोहोचायचे तर डिंभे धरणाच्या कडेने वर चढणारा रस्ता सुरू असावा लागतो. ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ जणांचा मृत्यू झाला आणि ही बातमी पहिल्यांदा बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. पाऊस आणि चिखलाच्या रस्त्यांमुळे मदतीला तेव्हाही उशीर झाला होता.

फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना खोलीच्या खुणा रंगवलेला खांब आणि पाणी चढले की लावायचा अडथळा, एवढी सोय फार खर्चाची नाही. ती केवळ पर्यटकांसाठीही नाही. घाटमाथ्यावरच्या वाड्यांमधल्या बाळंतिणीला आरोग्य केंद्रात आणि मुलांना शाळेत त्याच फरशीवरून जावे लागते.