नागपूरच्या मैदानावर माणूस पाठवा

पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरे विजय बारसे यांना २००१ मध्ये नागपुरात दिसली. हिस्लॉप कॉलेजातल्या या क्रीडाशिक्षकाने त्यांना फुटबॉल दिला आणि ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. याच संस्थेतला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओ दि जानेरोच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. २०१६ मध्ये फिफाने संस्थेला पुरस्कार दिला, २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांनी याच कहाणीवर ‘झुंड’ हा चित्रपट काढला.

कौतुक भरपूर झाले. व्यावसायिक क्लबपर्यंत जाणारी वाट मात्र अजून झालेली नाही.

क्रिकेटशी तुलना केली की हे लख्ख दिसते. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटीत उतरला, कारण विदर्भाचा स्वतःचा संघ होता. फुटबॉलमध्ये अख्ख्या महाराष्ट्राचा संघ एकच. पुण्याचा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) क्लब २०१९ मध्ये बंद पडला. रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी नवी मुंबईत. म्हणजे नागपूरजवळच्या कामठीच्या किंवा शहरातल्या मोमिनपुऱ्याच्या मुलाला स्वतःला दाखवायचे तर आधी आठशे किलोमीटरचा प्रवास आणि घरच्यांची बुडालेली मजुरी.

एवढे करून तो निवड चाचणीला पोहोचला, तरी अनोळखी सवंगड्यांसोबत त्याला थोडाच वेळ खेळायला मिळतो. तेवढ्यात नजरेत भरतो तो अंगापिंडाने थोराड मुलगा. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होत असल्याने जानेवारीत जन्मलेला डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, हेही त्या घाईत विसरले जाते. इंग्लंडच्या जेमी व्हार्डीला शेफिल्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडले होते. पुढे खालच्या लीगमधला त्याचा खेळ पाहून लेस्टरने २०१२ मध्ये त्याला घेतले आणि २०१६ मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता ठरला.

खेळाडू पारखायचा तर त्याचे पाच-सहा सामने पाहावे लागतात. पायात चेंडू नसताना तो कुठे धावतो, चूक झाल्यावर मान खाली घालतो की चेंडू परत मिळवायला झेपावतो, हे स्थानिक लीगमध्येच कळते.

फिफाच्या नियमानुसार खेळाडू करारबद्ध असताना परदेशी क्लबकडे विकला गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. मात्र त्या काळात तो त्या क्लबकडून नोंदलेला असावा लागतो. म्हणून नागपूरच्या प्रत्येक क्लबने आपल्या पोरांची नोंदणी चोख ठेवावी. राज्य संघटनेने विदर्भाची स्वतंत्र युवा लीग सुरू करावी. आणि आयएसएल क्लबांनी नागपूर-कामठीसाठी पगारी निरीक्षक नेमावा. एका परदेशी खेळाडूच्या मानधनापुढे हा खर्च किरकोळ आहे. येत्या हंगामापासूनच तो करावा.