क्षमा आणि कबुली

खोटे बोलणाऱ्याला समोरच्याने उदार मनाने क्षमा केली, म्हणजे ते प्रकरण संपले, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र तसे वाटत नाही. क्षमा दुसरा करू शकतो. परंतु खरे सांगण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. काबूल येथे जन्मलेले लेखक खालेद हुसैनी यांची 'द काइट रनर' ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. ती वाचताना ही गोष्ट मनाला विशेष पटते.

कादंबरीतील अमीर हा काबूलमधील एका श्रीमंत गृहस्थाचा मुलगा आणि हसन हा त्यांच्या घरच्या अली नावाच्या नोकराचा मुलगा. दोघे एकत्र खेळत वाढले. कटलेल्या पतंगामागे धावून तो पकडण्यात हसनचा हात धरणारा कोणी नव्हता. १९७५ च्या हिवाळ्यात अमीरसाठी असाच एक पतंग आणावयास गेलेल्या हसनला काही दांडग्या मुलांनी गल्लीत गाठून त्याचा क्रूर छळ केला. अमीरने ते आडून पाहिले. पण भीतीमुळे तो पुढे झाला नाही.

पुढे हसन दृष्टीस पडला, की अमीरला स्वतःचा भ्याडपणा आठवे. हा सल असह्य होऊन त्याने आणखी एक अपराध केला. वाढदिवसाला मिळालेले घड्याळ आणि काही नोटा त्याने हसनच्या गादीखाली ठेवल्या व त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. अमीरच्या वडिलांनी विचारताच निरपराध हसनने चोरी कबूल केली! आपण खरे सांगितले, तर अमीर खोटा ठरेल, हे तो जाणून होता. वडिलांनी हसनला तत्काळ क्षमा केली. तरीही अली आणि हसन ते घर सोडून गेले.

क्षमा मिळाली, ती ज्याने चोरी केलीच नव्हती त्याला! खऱ्या अपराध्याला ती मागताही येईना. कारण क्षमा मागण्याआधी अपराध कबूल करावा लागतो. पुढे अमीर वडिलांसह अमेरिकेत गेला. वडील वारले, तेव्हाही त्याने हे गुपित मनातच ठेवले होते. २००१ साली त्याला कळले, की हसन तालिबानच्या गोळीला बळी पडला. हसनने त्याच्यासाठी लिहून ठेवलेल्या पत्रात रागाचा शब्दही नव्हता. तेवढ्याने अमीरचे मन हलके झाले काय? नाही. त्याने जीव धोक्यात घालून हसनच्या अनाथ मुलाची, सोहराबची, सुटका केली आणि इतकी वर्षे लपविलेले सारे आपल्या पत्नीला सांगितले.

कोणी म्हणेल, "अमीर तेव्हा लहान होता. त्याच्या एका खोट्याला एवढे महत्त्व कशासाठी?" परंतु खोटे केवढे, हे बोलणाऱ्याच्या वयावरून ठरवू नये, ज्याच्यावर आळ येतो, त्याचे काय हिरावले जाते, ते पाहावे. हसनचे घर गेले, मित्र गेला. अमीरची कबुली त्याच्या कानी कधीच पडली नाही.

म्हणून खोटे बोलून गेल्यास, ज्याचे नुकसान झाले तो ऐकावयास समोर आहे तोवरच खरे सांगून टाकावे. तो क्षमा करील वा न करील. पण त्याच्यावरचा आळ तरी दूर होईल.