छात्राध्यापकांचे रील्स आणि झेडपीच्या शाळेतली पोरं

बी.एड., डी.एल.एड. करणाऱ्या मुलामुलींचे रील्स सध्या रोज समोर येतात. जिल्हा परिषद शाळेचा वर्ग, टाळ्या वाजवत कविता म्हणणारी पोरं, मागे गाणं आणि खाली ‘भावी शिक्षिका’. बरेच लोक टिंगल करतात. मला ती पटत नाही.

आधी त्यांची बाजू बघा. पदविका किंवा पदवी, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, आणि भरतीची वाट. नोकरी लागलीच तर सुरुवातीला शिक्षण सेवक, प्राथमिकला मानधन १६ हजार. घरी रोज एकच प्रश्न, ‘कुठं लागलं का?’ अशा वेळी ‘मी शिक्षक आहे’ असं म्हणायला या पोरांना जागा उरते ती मोबाईलमध्ये. तिथं चांगलंही घडतं. पाठ टाचणं, शैक्षणिक साहित्याच्या कल्पना, टीईटीच्या नोट्स एकमेकांना फुकट दिल्या जातात. खेड्यातल्या मुलीला याचा मोठा आधार आहे.

पण वर्गातल्या लेकरांचं काय? ‘चौथीत आहे, तरी वाचता येत नाही’ असा व्हिडिओ टाकला की लाईक्स पडतात. त्या पोराचा चेहरा मात्र अख्ख्या गावाच्या मोबाईलवर जातो. उद्या ते शाळेत कुठल्या तोंडानं येणार? त्याच्या आईला विचारलं होतं का? शहरातल्या महागड्या शाळेत असं विचारल्याशिवाय शूटिंग करून दाखवा, पालक दुसऱ्या दिवशी गेटवर येतील. इथं आईबाप मजुरीला गेलेले असतात, म्हणून कुणी विचारत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व मान्य केलंय. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एवढी जाण गुरुजीला हवीच.

दुसरं असं की, ‘खूप छान मॅडम’ या कमेंटनं शिक्षक घडत नाही. टाचण वहीत मार्गदर्शक लिहितात, ‘फळ्याकडे तोंड करून बोलू नका, मागच्या बाकालाही प्रश्न विचारा.’ त्या शेऱ्यानं घडतो. अभ्यासक्रमात किमान २० आठवडे शाळेतला अनुभव ठेवलाय तो यासाठीच. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, जगभर नाव झालं. पण त्याआधी परितेवाडीत वर्षानुवर्षं पोरांना शिकवणं होतं, पुस्तकांवर क्यूआर कोड लावणं होतं. काम आधी झालं, नाव नंतर.

म्हणून अध्यापक विद्यालयं आणि बी.एड. कॉलेजांना विनंती. मोबाईलबंदीचा फतवा काढू नका, तो कुणी पाळणार नाही. शाळेवर पाठवण्याआधी दोन तास बसवून एवढं सांगा: मुलाचा चेहरा आणि नाव पालकांच्या परवानगीशिवाय नाही, कुणाचं अपयश तर कधीच नाही. तुमचं साहित्य दाखवा, फळा दाखवा, फसलेला पाठ का फसला तेही लिहा. असं लिहिणाऱ्याला चार अनुभवी शिक्षक नक्की उत्तर देतील.

आणि पालकांनो, शाळेत कुणी शूटिंग करत असेल तर मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आपल्या तालुक्यातल्या शिक्षकांना यावर काय वाटतं? मोकळेपणानं लिहा.