बायकांना झेपत नाही म्हणे!

आज जरा चिडूनच लिहायला बसले आहे. निमित्त आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्याचं. परवा एक गृहस्थ म्हणाले, "पुरुषांच्या स्नायूंना रक्तपुरवठाच चांगला. बायका लवकर दमतात ते त्यामुळेच. निसर्गाची योजना आहे ती!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडले.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, शास्त्र माझा प्रांत नव्हे. पण भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिला फोन लावला. तिच्याकडून जे शिकले ते माझ्या भाषेत सांगते.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंना मिळतो. जोराच्या व्यायामात हृदय त्याच्या कितीतरी पट रक्त ढकलतं आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास स्नायूंकडे वळतं. आता नुसते लिटर मोजले तर पुरुष पुढे, हे कबूल. त्यांचं हृदय मोठं, स्नायू जास्त, हिमोग्लोबिनही जास्त.

पण खुर्चीत बसून फक्त गुडघा सरळ करायचा, अशा व्यायामात मोजमापं झाली तेव्हा काय दिसलं? तरुण स्त्रियांच्या पायातल्या रक्तवाहिन्या पुरुषांपेक्षा जास्त पसरत होत्या. रक्तवाहिन्या सैलावायला इस्ट्रोजेनची मदत होते. शिवाय, प्रत्येकाने स्वतःच्या ताकदीच्या ठरावीक टक्के जोर लावून स्नायू आवळून धरायचा म्हटलं, तर स्त्रिया सहसा जास्त वेळ टिकतात. बळकट स्नायू आवळला की तो आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, नळीवर पाय पडल्यासारखं होतं. सारख्या ताकदीचे स्त्री-पुरुष घेतले की हा फरक बराच कमी होतो. तेव्हा बायका श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की निसर्गाचं नाव घेण्याआधी निदान मोजून तरी बघा!

न मोजता बोलण्याची किंमत बायकांनी मोजली आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी धावपटू कोसळल्या, असा गवगवा झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद! शर्यत संपल्यावर पुरुषही आडवे होतात. त्यांची कुणी बंद केली? बायकांना ऑलिंपिक मॅरेथॉन मिळायला तर १९८४ उजाडलं.

अ‍ॅमस्टरडॅमला कशाला जायचं म्हणा. सातवीच्या वर्गावर असताना माझ्याकडे वस्तीवरची एक मुलगी होती. रोज घरचं पाणी भरून पळत शाळेत यायची. तालुक्याच्या स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यतीला नाव द्या म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मुलींना नाही झेपत. लिंबू-चमच्यात घालते तुझं नाव." तिने मान खाली घातली आणि "बरं बाई" म्हणाली. त्या "बरं बाई"ला आज चाळीस वर्षं होत आली, अजून कानात आहे.

डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी तोलत ती पोर रोज विहीर चढायची. ते झेपतं का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पुढे आपल्याच नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. टीव्हीसमोर टाळ्या वाजवताना मला ती मुलगी आठवली आणि हात थांबले.

भाची म्हणाली, "मावशी, पाळी गेल्यावर मात्र बायकांच्या रक्तवाहिन्यांची ही लवचिकता कमी होते हं. म्हणून तुला चालायलाच हवं." चालतेच आहे. उद्या कट्ट्यावर त्या गृहस्थांना हे सगळं ऐकवणार आहे. माना डोलावणाऱ्यांनाही, कारण मी त्यांच्यातलीच होते.